राधिका कुठून निघाली, कुठे पोचली : वाचकांचे प्रश्न, मालिकांच्या गप्पा

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की वर्षानुवर्षं चालणाऱ्या मालिकेत तुमचं आवडतं पात्र बदलत गेलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं. पत्रं आली, व्हॉट्सअॅप आले, व्हॉइस नोट तर इतक्या की ऐकता ऐकता संध्याकाळ झाली, आणि आपण नागपूरकर असल्यामुळे ‘माझ्या नवऱ्याची बायको’ मधल्या नागपूरच्या राधिकावर सगळ्यात जास्त लिहून आलं. नाव छापू नका असं बऱ्याच जणींनी सांगितलं म्हणून सगळ्यांचेच फक्त मोहल्ले दिले आहेत.

प्रश्न : ताई, ‘माझ्या नवऱ्याची बायको’ मी पहिल्या दिवसापासून पाहिली. राधिका नागपूरची म्हणून जास्तच जीव लावला तिच्यावर. पण घरी मसाले करणारी बाई एकदम 300 कोटींच्या कंपनीची मालकीण झाली तेव्हा मलेच कसंतरी वाटलं. माझा पोरगा म्हणते मम्मी हे लोक फेकून राहिले. मग मी इतके दिवस जे पाहिलं ते सगळं खोटंच होतं का? (प्रतापनगर)

नाही हो ताई, खोटं काहून असेल. तुम्ही जिच्यावर जीव लावला ती राधिका अगदी खरी होती आणि अनिता दाते-केळकरनी ती केलीही जीव ओतून. भोळी आहे पण बावळट नाही, मुंबईच्या सोसायटीत राहून सगळ्यांना जोडून घेते, नवऱ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवते, आणि बोलते आपल्यासारखी. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं कारण मराठी मालिकेत नागपुरी किंवा वऱ्हाडी बोलणारं माणूस आलं की ते हसवायलाच आलंय असं ठरलेलं असायचं. इथे तीच बोली बोलणारी बाई मालिकेची हिरोइन होती आणि तिच्या दुःखात सगळा महाराष्ट्र रडत होता. तुमच्यासारख्या कितीतरी जणींनी लिहिलंय की बोली पुरती अस्सल नव्हती, आमच्या सासूबाई रोज चुका काढायच्या वगैरे, ते मान्यच आहे. पण राधिका कंपनीच्या केबिनमध्ये बसली तेव्हाही ती तशीच बोलत राहिली, पैसा आल्यावर तिला एकदम पुणेरी करून टाकलं नाही, याचं श्रेय मी त्या टीमला मनापासून देते.

आता 300 कोटी. मालिका ऑगस्ट 2016 मध्ये सुरू झाली आणि मार्च 2021 मध्ये संपली, म्हणजे साडेचार वर्षं. एवढ्या काळात बाई बदलणारच, नवऱ्याचं बाहेर काय चाललंय हे कळल्यावरही ती तशीच रडत बसली असती तर तुम्हीच टीव्ही बंद केला असता. आणि धंदा मोठा होणं यातही अशक्य काही नाही, बिकानेरच्या हल्दीरामचं आपल्या नागपुरात येऊन काय झालं ते आपण बघतोच आहोत. मला विचाराल तर आकड्यापेक्षा मधला रस्ता खटकला. मसाल्याचा धंदा म्हणजे काय काय असतं बघा, मिरची कुठून आणायची, आपल्याकडे कळमन्याला लाल मिरचीचा एवढा मोठा बाजार भरतो, भिवापुरी मिरचीला तर जीआय टॅग आहे, नागपूरच्या मुलीने मसाले करायचे आणि या मिरचीवर दोन एपिसोड नाहीत? मग कर्ज, लायसन्स, पॅकिंग, हाताखालच्या बायकांचा पगार, परत आलेला माल. या पायऱ्यांवर राधिका खरी घडली असती, आणि तिथेच मालिका घाईने पुढे गेली. तिचा नवरा गुरु आणि त्याची मैत्रीण शनाया यांच्या कुरघोड्यांना मात्र आठवडेच्या आठवडे मिळाले. म्हणून तुम्हाला ती बाई एकदम वर पोचल्यासारखी वाटली, तुम्ही तिच्यासोबत चढलाच नाही नं.

अजून एक गोष्ट, गुरुनाथ. राधिका इतकी बदलली, घटस्फोट झाला, सौमित्रशी लग्न झालं, पण गुरु मात्र जिथल्या तिथे. पकडला जातो, माफी मागतो, परत तेच. कितीतरी जणींनी विचारलंय की हा माणूस सुधरत काहून नाही. मला वाटतं तो मालिकेच्या नावातच अडकला होता. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ असं नाव ठेवल्यावर नवरा सुधरला की मालिका त्या दिवशी संपली. त्यामुळे सगळा बदल राधिकाच्या वाट्याला आला आणि अभिजीत खांडकेकरसारख्या चांगल्या नटाला एकाच जागी फिरत राहावं लागलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मी कुठल्याही लांब मालिकेतल्या पात्राकडे बघताना एकच बघते, याला स्वतःचं जुनं आठवतं का. मालकीण झालेल्या राधिकाला पहिला मसाला विकतानाची धाकधूक आठवते का, एखादी रडत आलेली कामवाली बाई बघून तिचा आवाज बदलतो का. जिथे जिथे ते झालं तिथे ती मला आपली वाटली, जिथे नाही झालं तिथे फक्त साडी भारी होती. तुमच्या मुलाला सांगा की मम्मीने साडेचार वर्षं जे पाहिलं त्यातलं बरंच खरं होतं, आकडा सोडून.

प्रश्न : मधेच नटी बदलते तेव्हा आपण तिला तीच बाई मानायची का? मला तर आठ दिवस चॅनलच बदलावंसं वाटते. (मानेवाडा)

आठ दिवस द्या, जास्तच द्या. शनायाचंच बघा, आधी रसिका सुनील होती, 2018 मध्ये ती अमेरिकेला सिनेमा शिकायला गेली आणि इशा केसकर आली, आणि 2020 मध्ये परत रसिका आली. तीन वेळा आपण मान हलवून स्वीकारलं. ‘तुझ्यात जीव रंगला’ मधल्या नंदिता वहिनीसाहेब धनश्री काडगावकरनी गाजवल्या आणि शेवटी माधुरी पवार आल्या. ‘आई कुठे काय करते’ मध्ये संजना, म्हणजे अरुंधतीच्या नवऱ्याच्या आयुष्यातली दुसरी बाई, आधी दीपाली पानसरे होती, 2020 च्या लॉकडाऊननंतर रूपाली भोसले आली, आणि माझं स्पष्ट मत आहे की संजनाचं पुढे जे काही झालं ते रूपालीमुळे झालं. नवी नटी तिचा स्वभाव घेऊन येते, तिच्या तोंडी कुठलं वाक्य शोभतं हे लेखकांना हळूहळू कळतं आणि मग पात्रच वळायला लागतं. संजना नुसती ‘ती दुसरी’ राहिली असती, पण तिला एकटेपणा आला, असुरक्षितता आली, आणि लग्न करून त्या समृद्धी बंगल्यात शिरल्यावर जी अरुंधतीची गत झाली तीच आपली होतेय हे तिला कळायला लागलं, तेव्हा मला तिची कीव आली होती. सुरुवातीला असं वाटेल असं कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

प्रश्न : ‘आई कुठे काय करते’ मधली अरुंधती आम्ही दोघं नवरा-बायको मिळून पाहायचो. पहिली दोन वर्षं काय जबरदस्त होती! नंतर नंतर तिच्यावर एकामागून एक संकटं टाकत गेले, शेवटी तिच्या दुसऱ्या नवऱ्याला, आशुतोषलाही मारलं. चांगल्या पात्राची अशी वाट काहून लावतात? माझी बायको त्या दिवशी जेवली नाही. (महाल)

काका, काकूंना माझा नमस्कार सांगा, मलाही त्या दिवशी राग आला होता.

ही मालिका 23 डिसेंबर 2019 ला सुरू झाली. मूळ गोष्ट बंगाली, ‘श्रीमयी’ नावाची मालिका स्टार जलशावर त्याच वर्षी जूनमध्ये आली होती, तिचीच हिंदीत ‘अनुपमा’ झाली, तमिळ, तेलुगू, मल्याळम, कन्नडमध्येही झाली. म्हणजे एकच बाई इतक्या भाषांत एकाच वेळी घराबाहेर पडत होती, ही केवढी मोठी गोष्ट आहे! मूळ श्रीमयी मात्र डिसेंबर 2021 मध्ये संपली आणि आपली अरुंधती नोव्हेंबर 2024 पर्यंत चालली. तुम्ही म्हणता पहिली दोन वर्षं जबरदस्त होती, ते गणित इथेच आहे. सुरुवातीला गोष्टीचा कणा हाताशी होता. घरातली सगळ्यांची उठाठेव करणारी आई, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला नवरा अनिरुद्ध आणि संजनाचं समजणं, ते कोसळणं, मग घटस्फोट, गाणं परत सुरू होणं. एकेक पायरी मागच्या पायरीवर उभी होती. मधुराणी गोखले-प्रभुलकरनी तर नुसत्या खांद्यांवरून फरक दाखवला, आधीची अरुंधती बोलताना जरा वाकलेली असायची, बघा कधी जुने एपिसोड.

मग आशुतोष आला, लग्न झालं, आणि इथे लेखकांसमोर मोठी अडचण उभी राहिली. मालिकेच्या नावात जो टोमणा आहे, आई कुठे काय करते, त्याला तिने उत्तर देऊन टाकलं होतं. ती गाते, कमावते, स्वतःच्या मर्जीने दुसरं लग्न करते. माझ्या मते गोष्ट तिथे पूर्ण झाली होती. पण चालणारी मालिका चॅनल बंद करत नाही, ती घरोघरी रोजच्या सवयीची झालेली असते आणि सेटवरच्या कितीतरी लोकांचं घर तिच्यावर चालत असतं, हेही विसरून चालणार नाही. मग पूर्ण झालेल्या बाईला परत अपूर्ण करावं लागतं. मुलांचे संसार मोडा, आजार आणा, सुखी नवरा असेल तर त्याला उचला. आशुतोष चांगला होता हाच त्याचा दोष ठरला, कारण चांगल्या माणसाशी रोज रात्री भांडण कसं दाखवणार? शेवटच्या वर्षी तर मालिका संध्याकाळच्या साडेसातवरून दुपारी हलवली.

तरी काका, एक गोष्ट मी अरुंधतीच्या बाजूने सांगते. इतकं सगळं डोक्यावर टाकूनही ती परत पहिल्यासारखी वाकली नाही. अनिरुद्धशी बोलतानाचा तिचा तो नवा सूर शेवटपर्यंत राहिला. संकटं उसनी होती पण बाई स्वतःला विसरली नाही, म्हणून तुम्ही दोघं शेवटपर्यंत बघत राहिले असाल असं मला वाटतं.

प्रश्न : खलनायिका एकदम चांगली कशी होते? माझ्या मैत्रिणी म्हणतात हे फक्त आपल्याच मालिकांत होते. (नंदनवन)

सगळीकडे होतं. ‘रंग माझा वेगळा’ मधली सौंदर्या आठवते ना, हर्षदा खानविलकर, काळ्या रंगाचा तिरस्कार करणारी बाई, आणि पुढे त्याच सावळ्या दीपाच्या मागे सगळ्यात आधी तीच उभी राहते. मला हा बदल पटला होता कारण तो हळूहळू झाला आणि सौंदर्याला आपण आधी काय बोललो याची लाज वाटताना दिसली.

अमेरिकेत ‘जनरल हॉस्पिटल’ नावाची मालिका 1963 पासून चालू आहे, अजूनही. तिच्यात 1978 मध्ये ल्यूक नावाचा गुंड थोड्या दिवसांसाठी आणला, अँथनी गिअरी नावाच्या नटाने तो केला. 1979 मध्ये दाखवलं की त्याने लॉरा नावाच्या मुलीवर बलात्कार केला. आणि लोकांना तो नटच इतका आवडला की गोष्ट प्रेमाकडे वळवली आणि नोव्हेंबर 1981 मध्ये दोघांचं लग्न लावलं, जे जवळजवळ 3 कोटी लोकांनी पाहिलं! मला हे वाचून संताप येतो. पण त्याच मालिकेने 1998 मध्ये तो विषय परत उघडला, दोघांच्या मोठ्या झालेल्या मुलाला आईसोबत काय झालं होतं ते कळतं आणि बापाला त्याच्यासमोर उभं राहावं लागतं. इतक्या वर्षांनी का होईना मालिकेला स्वतःचं पाप आठवलं. आपल्याकडे व्हिलन सुधरला की दुसऱ्या दिवशी सगळे मिळून पुरणपोळी खातात आणि त्याने कोणाला जिन्यावरून ढकललं होतं हे कोणी काढतच नाही, ते मला नकोसं होतं.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, मालिका लिहायची इच्छा आहे. पात्राचा ग्राफ आधीच ठरलेला असतो का की रोज ठरवतात? आणि आम्ही प्रेक्षक ओरडलो तर तो बदलतो का? (सक्करदरा)

दोन्ही असतं बेटा. सुरुवातीला चॅनलला मोठी गोष्ट सांगितलेली असते, मग ती ट्रॅकमध्ये, म्हणजे छोट्या छोट्या उपकथांत तोडतात. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे असंही असतं, त्यावर चॅनलची क्रिएटिव्ह टीम बसलेली असते. आठवड्याला सहा दिवस प्रत्येकी साधारण बावीस मिनिटांचा मजकूर लागतो आणि गुरुवारी बार्कचे, म्हणजे मालिका किती लोकांनी पाहिली त्याचे आकडे येतात. आकडा पडला की ट्रॅक गुंडाळतात, चढला की ताणतात. नट आजारी पडला, सोडून गेला, नटी गरोदर राहिली, की त्याच आठवड्यात गोष्ट वळवावी लागते. 2020 च्या मार्चमध्ये शूटिंगच बंद झालं आणि 2021 मध्ये महाराष्ट्रात परत बंदी आली तेव्हा युनिट उचलून गोव्याला, दमणला गेले, तेव्हा घरातल्या पात्रांना अचानक रिसॉर्टवर पाठवायचं कारण शोधणाऱ्या लेखकांचं मला कौतुक वाटतं.

प्रेक्षकांनी ओरडून फरक पडतो का? पडतो. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ मधला हिरो मिहीर विरानी मेला तेव्हा देशभर एवढा गहजब झाला की 2001 मध्ये त्याला परत जिवंत आणला. पण त्याचा परिणाम काय झाला तेही बघ, त्यानंतर मालिकेतल्या मरणावर कोणाचा विश्वासच राहिला नाही. आज कोणी दरीत पडलं की आमच्या घरची छोटी मुलं पण म्हणतात, येईल परत.

आणि तुला एक सांगते जे मला आपल्या घराघरात बसून कळलं. आपल्याकडे मे महिन्यात कूलर फुल सुरू असतो, आतून मिक्सरचा आवाज, आई पोळ्या लाटता लाटता मान वळवून टीव्ही बघते. तिला अर्धे संवाद ऐकूच येत नाहीत. त्यामुळे मालिकेत पात्र बदललं हे दिसावं लागतं, वेणीचा मोकळा केस होतो, साडीचा सूट होतो, चष्मा जातो, मागे तेच संगीत तीनदा वाजतं. शहाणे लोक याला हसतात, मी हसत नाही, कारण ती बाई काम करत करत बघतेय आणि तिच्यापर्यंत गोष्ट पोचवायची जबाबदारी लेखकाची आहे. फक्त तू लिहिशील तेव्हा केसांसोबत आतलंही काहीतरी बदल, आणि पात्राची एक वही ठेव, कोणाला कधी काय बोलला, काय गमावलं, कोणाचं देणं आहे. सातशेव्या एपिसोडला ती वहीच कामी येईल. लिही, खरंच लिही, विदर्भातून लिहिणारे हवेच आहेत.

प्रश्न : लीप आला की एका रात्रीत पोरं मोठी, आईचे दोन केस पांढरे. हे कधी थांबेल? (इतवारी)

लवकर नाही थांबणार, लीप म्हणजे जुन्या मालिकेत नवी मालिका सुरू करायचा सोपा रस्ता आहे. ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’ ने तर पुनर्जन्मच घेतला. पण लीप न घेताही चालतं. इंग्लंडमध्ये ‘कोरोनेशन स्ट्रीट’ डिसेंबर 1960 ला सुरू झाली, तिच्या पहिल्याच भागात केन बार्लो नावाचा कॉलेजचा पोरगा होता, कामगाराच्या घरात जन्मलेला, शिकल्यामुळे आईवडिलांची लाज वाटायला लागलेला. विल्यम रोश नावाच्या नटाने तो केला आणि साठ वर्षं उलटून गेली तरी तोच करत राहिला. नट जसा म्हातारा झाला तसं पात्र म्हातारं झालं. बापाची लाज वाटणारा पोरगा स्वतः बाप झाला, आजोबा झाला, आणि बघणाऱ्यांनी त्याच्यासोबत स्वतःचे केस पांढरे होताना पाहिले. आपली ‘चार दिवस सासूचे’ 2001 ते 2013 चालली, तीन हजारांच्या वर एपिसोड, रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड यांना बघत आपल्याकडच्या कितीतरी मुली लहानाच्या मोठ्या झाल्या, लग्न होऊन सासरी गेल्या आणि तिथेही तीच मालिका सुरू होती. असा संथ बदल आपल्यालाही जमला होता, परत जमू शकतो.

प्रश्न : आईला आजारपणामुळे दिवसभर घरीच राहावं लागते. नवीन मालिकांनी तिचं डोकं दुखते. जुनी एखादी सांगा जिच्यात बाई हळूहळू बदलते. (त्रिमूर्तीनगर)

‘आभाळमाया’. 1999 मध्ये अल्फा मराठीवर (आताचं झी मराठी) आली होती, सुकन्या कुलकर्णी यांची सुधा जोशी. अरुंधतीच्या वीस वर्षं आधीची बाई, हिच्याही नवऱ्याचं दुसरीकडे प्रेम होतं, पण ही पहिल्यापासून शिकलेली, कमावती, त्यामुळे तिचा प्रश्न वेगळा आहे, स्वतःच्या पायावर उभी असून मी या घरात का राहते हा. आवाज कमी, झटके कमी, माणसं बोलतात जास्त. आईला रोज एकच भाग दाखवा, एकदम चार-पाच नको, दोन भागांच्या मध्ये तिला विचार करायला वेळ मिळू द्या, त्या काळात आपण तसंच बघायचो. तुम्हीही शेजारी बसा जमलं तर. आणि सुधाने जे केलं ते बरोबर की अरुंधतीने, यावर तुमचं आणि आईचं जे काय भांडण होईल ते आम्हाला लिहून पाठवा, दोघींचं वेगवेगळं लिहा, पुढच्या अंकात छापते.